‘अजून दिवस पण राहिले नाहीत आणि डॉक्टरकडे कशाला?’

पत्र थोडक्यात : सांगली जिल्ह्यातल्या एका 28 वर्षांच्या मैत्रिणीचं पत्र आहे. लग्नाला दीड वर्ष झालं, ती खाजगी शाळेत शिकवते, नवरा साखर कारखान्यात शिफ्टमध्ये. आता मूल हवंय दोघांना. तिला वाटतं की चान्स घ्यायच्या आधी एकदा सगळं तपासून घ्यावं, कारण शाळेच्या आरोग्य शिबिरात तिचं हिमोग्लोबिन 9.2 निघालंय आणि पाळी कधी 32 तर कधी 40 दिवसांनी येते. सासूबाई म्हणतात, ‘अजून दिवस पण राहिले नाहीत आणि डॉक्टरकडे कशाला, लोक म्हणतील सुनेत काहीतरी दोष आहे.’ नवरा म्हणतो, ‘तू जाऊन ये, माझं काय चेक करायचंय.’ घर माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा नाही. अजून एक गोष्ट तिने शेवटी कंसात लिहिलीय : लग्नाआधी थायरॉइडची गोळी चालू होती, सासरी कळू नये म्हणून सुरुवातीला कपाटात साड्यांच्या खाली लपवून घ्यायची, मग बंदच केली. तिचा प्रश्न : ‘सासूबाईंना कसं पटवू? की गुपचूप जाऊन टेस्ट करून येऊ? सध्या रोज बीट आणि खजूर खातेय. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की बाळ हेल्दी होणार ना?’

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की सगळ्यात महत्त्वाचं जे होतं ते तू कंसात टाकलंयस. ओपीडीत पण असंच व्हायचं. मी डॉक्टर नाही हे नेहमीचं सांगते, पण एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात एकवीस वर्षं काढलीत, आधी केस पेपर लिहायला आणि मग पेशंटशी बोलायला, आणि बायका खरी गोष्ट कायम दारातून बाहेर पडता पडता सांगायच्या, एक पाय चपलेत घालून. ‘ताई, ते एक विचारायचं राहिलंच...’ म्हणून तुझ्या कंसापासूनच सुरुवात करते, सासूबाई नंतर.

थायरॉइडची गोळी सोडून किती महिने झाले ते तू लिहिलं नाहीस, पण वर्ष तरी झालं असणार. आता बघ, बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी तिसऱ्या महिन्याच्या शेवटाकडे कुठे काम सुरू करते, तोवर ते पूर्णपणे आईच्या हार्मोनवर असतं आणि त्याच्या मेंदूची घडण तर त्याच काळात जोरात चालू असते. शिवाय तुझी पाळी 32 ते 40 दिवसांवर जाते त्यामागेही थायरॉइड असू शकतं, पीसीओडी (अंडाशयातल्या हार्मोनचा बिघाड) पण असू शकतं, ते मी इथून नाही सांगू शकत, पण टीएसएच ही एक साधी रक्ताची टेस्ट केल्याशिवाय चान्स घेऊ नकोस एवढं नक्की सांगते. गोळी चालू असलेल्या बायकांचा टीएसएच दिवस राहायच्या आधी साधारण 2.5 च्या खाली असलेला डॉक्टरांना बरा वाटतो. आणि दिवस राहिले की डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो, म्हणून किटवर दोन रेघा दिसल्या की त्याच आठवड्यात सांगायचं, ‘पुढच्या व्हिजिटला बघू’ असं नाही. जुनी स्ट्रिप कपाटात असेल तर तीच परत सुरू करू नकोस हं, आधी टेस्ट, मग डोस.

आता सासूबाईंचं वाक्य घेऊ. ‘अजून दिवस पण राहिले नाहीत आणि डॉक्टरकडे कशाला.’ मला त्यांचा राग येत नाही, कारण हे वाक्य चांगल्या शिकलेल्या घरातूनसुद्धा ऐकलंय, पुण्यात, कोथरूडमध्ये. आपल्याकडे डॉक्टरकडे जायचं ते पाळी चुकल्यावर अशीच समजूत आहे. पण जरा कॅलेंडर काढून माझ्याबरोबर मोज. समज एखादीची पाळी 1 जूनला आली, 28 दिवसांचं चक्र, म्हणजे 15 जूनच्या आसपास गर्भ राहिला. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतो ती नळी त्यानंतर 28 दिवसांत मिटते, म्हणजे 13 जुलैपर्यंत. आता ती काय करते बघ. 29 जूनला पाळी यायला हवी होती, नाही आली, ‘होतात माझे चार दिवस मागेपुढे’. 8 जुलैला किट आणते, दोन रेघा. आनंदीआनंद. मग घरात आषाढीची गडबड, कोणीतरी म्हणतं वारी होऊ दे, माणसं परत येऊ देत, मग चांगला दिवस बघून जाऊ. 20 जुलैला ती दवाखान्यात येते, डॉक्टर फॉलिक ॲसिड (ती नळी नीट मिटायला लागणारं जीवनसत्त्व) लिहून देतात आणि ती मनोभावे खायला लागते. नळी मिटून आठवडा झालेला असतो! म्हणजे फॉलिक ॲसिड ज्या कामासाठी सगळ्यात जास्त लागतं ते काम उरकलेलं असतं, आणि कधीकधी (फार वेळा नाही, पण कधीकधी) ते नीट झालेलं नसतं. त्या मुलीची चूक काहीच नव्हती, तिने नेहमीच्या पद्धतीने केलं. आपली पद्धतच महिनाभर उशिरा सुरू होते.

म्हणून फॉलिक ॲसिड दिवस राहायच्या आधी किमान महिनाभर, आणि पुढे तिसरा महिना संपेपर्यंत. बहुतेकींना रोजचे 400 मायक्रोग्रॅम पुरतात. मेडिकलवाला न विचारता 5 मिलिग्रॅमची गोळी हातावर ठेवतो, ती दहा-बारा पट मोठी आहे, ती ज्यांना आधीच्या बाळात असा दोष होता किंवा ज्यांना डायबिटीस आहे, फिट्सच्या गोळ्या चालू आहेत अशांना डॉक्टर ठरवून देतात. तुला कुठली, ते विचारूनच घे, आणि तुझ्या बाबतीत विचारायचं अजून एक कारण आहे, ते म्हणजे तुमच्या घरातली माळ.

हसू नकोस. माळकरी घर म्हणजे मांस-मच्छी नाही, अंडं नाही, आणि बी12 हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात मिळतच नाही, दूध-दही-ताकातून काय येईल तेवढंच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलाय. त्यात दिसलं की गरोदरपणी आईचं बी12 कमी आणि फॉलेट (म्हणजे रक्तातलं फॉलिक ॲसिडच) मात्र जास्त, अशा जोडीतल्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्शुलिन नीट काम करत नसल्याची लक्षणं जास्त होती, म्हणजे पुढच्या डायबिटीसची वाट. याचा अर्थ फॉलिक ॲसिड वाईट असा अजिबात काढू नकोस, त्याचा फायदा पक्का आहे, पण शाकाहारी बाईने बी12 तपासून, कमी असेल तर भरून काढत बरोबरीने घ्यावं. हे सगळं तुझ्या माझ्यासारख्या लुगड्यातल्या-साडीतल्या बायकांच्या रक्तातून कळलंय, अमेरिकेतून आलेलं नाहीये, हे सासूबाईंना सांगायला पण बरं.

मग हिमोग्लोबिन. 9.2 म्हणजे बरंच कमी आहे गं, 12 तरी हवं, आणि तू एकटी नाहीस, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका ॲनिमिक निघाल्या. पण बीट आणि खजुराने ते भरेल असं तुला ज्याने कोणी सांगितलं त्याने नुसता रंग बघितला. 100 ग्रॅम बीटात जेमतेम 1 मिलिग्रॅम लोह, आणि आपल्याला दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं. खा बीट, कोशिंबीर छान होते, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. तुला लोहाची गोळी लागणार, रोजची, काही महिने, आणि हिमोग्लोबिन 12 झालं म्हणून लगेच थांबायचं नाही, साठा भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात. दिवस राहिल्यावर रक्तातलं पाणी वाढतं आणि हिमोग्लोबिन आपसूकच खाली येतं, 9 वरून सुरुवात केलीस तर बाळंतपणापर्यंत नुसती दमछाक. जेवणाबरोबर लिंबू, मोड आलेली कडधान्यं, पालेभाजी लोखंडी कढईत, हे सगळं चांगलंच. आणि जेवणानंतर लगेचचा चहा बंद. मला माहितीय हे सगळ्यात अवघड आहे, शाळेत डबा खाल्ला की लगेच स्टाफरूममध्ये चहा येतो, त्या चहाला तासभर थांबव, तो लोह अंगी लागू देत नाही.

एक गंमत अशी की तुला थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी दोन्ही लागण्याची शक्यता आहे आणि या दोघींचं अजिबात पटत नाही. थायरॉइडची सकाळी उठल्याउठल्या रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी, आणि लोहाची किंवा कॅल्शियमची त्यानंतर किमान चार तासांनी. कितीतरी जणी सगळ्या गोळ्या एका मुठीत घेऊन मोकळ्या होतात आणि मग महिन्याभराने विचारतात टीएसएच का हलत नाही.

बाकी टेस्टचं थोडक्यात सांगते, कारण यादी तुझे डॉक्टर करतील. रक्तगट (निगेटिव्ह असेल तर आधी माहीत असलेला बरा), शुगर, बीपी. थॅलेसेमियाची (हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) एचपीएलसी नावाची रक्ताची टेस्ट एकदा आयुष्यात करून घ्यावीच, विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या मैत्रिणींनी सिकलसेल या तसल्याच आजारासाठी पण, कारण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता असते आजाराची, आणि वाहक माणूस दिसायला ठणठणीत असतो, त्याला स्वतःलाही माहीत नसतं. तुझी एचपीएलसी नॉर्मल आली तर नवऱ्याची सहसा लागत नाही. रुबेलाची (गरोदरपणी झाला तर बाळाला इजा करणारा ताप-पुरळाचा आजार) लस : शाळेत 2018 मध्ये जी गोवर-रुबेलाची मोहीम झाली ती 15 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी होती, तू तेव्हा त्या वयाच्या पुढे गेलेली होतीस. ती लस गरोदरपणात देता येत नाही, आणि घेतल्यावर एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात, म्हणून ती आत्ताच घ्यायची. तसंच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची एचपीव्ही लस, 28 ला पण घेता येते, मात्र डोस पूर्ण होईपर्यंत प्लॅनिंग किती पुढे ढकलायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरव. तिशीच्या पुढच्या ज्या वाचताय त्यांनी पॅप टेस्ट किंवा सरकारी दवाखान्यातली गर्भाशयमुखाची तपासणी दिवस राहायच्या आधी उरकून घ्या, बाळ झाल्यावर पाच वर्षं कुणाला स्वतःसाठी वेळ मिळत नाही. दाताची किड, अक्कलदाढ, हे पण आत्ताच. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाची कॅप्सूल चालू असेल तर आजच स्किनच्या डॉक्टरांना सांगा, ती बाळासाठी खरंच घातक आहे. फिट्सच्या गोळ्यांचं पण तसंच, सांगायचं, पण मनाने बंद मात्र करायच्या नाहीत.

आणि काय करायचं नाही ते पण ऐक. लॅबवाले ‘प्री-प्रेग्नन्सी पॅकेज’ म्हणून साठ-सत्तर टेस्ट गळ्यात मारतात. टॉर्च नावाची (काही जंतुसंसर्ग शोधणारी) टेस्ट सरसकट सगळ्यांना लागत नाही. एएमएच (अंडाशयात बीजं किती उरली याचा अंदाज देणारी टेस्ट) पण नाही, तुझ्या वयात आणि तू अजून प्रयत्नही केलेला नसताना तो आकडा दिवस राहतील की नाही हे सांगत नाही, फक्त झोप उडवतो. त्या पैशात महिनाभर चांगलं दूध, पनीर, फळं येतात. हे मी उगाच नाही म्हणत, मुंबईतल्या वस्त्यांमध्ये 2006 पासून एक प्रयोग झाला होता, ‘सरस’ नावाचा, त्यात बायकांना दिवस राहायच्या आधीपासून रोज पालेभाजी-फळं-दूध घातलेला एक खाऊ दिला, आणि दुसऱ्या गटाला कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. सगळ्या बायका धरून बाळाच्या वजनात खास फरक पडला नाही, पण ज्यांनी दिवस राहायच्या तीन महिने आधीपासून खाल्लं त्यांच्या बाळांचं वजन थोडं जास्त भरलं, आणि पालेभाजीवाल्या गटात गरोदरपणातला डायबिटीस जवळजवळ निम्मा झाला. एका वडीएवढ्या खाण्याने! मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात महागडं असं काहीच नव्हतं.

तू पत्रात ओघात लिहिलंयस की लग्नानंतर सासूबाईंबरोबर सकाळी मशेरी लावायची सवय लागली, ‘नुसती दाताला’. अगं मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच ती. हिरडीतून निकोटीन रक्तात जातंच, आणि गरोदरपणी मशेरी लावणाऱ्या बायकांची बाळं कमी वजनाची होतात हे आपल्याकडेच दिसलंय. ओसरीवर बसून सासू-सुनेच्या गप्पा मशेरीबरोबर होतात हे मला माहितीय, तुटते ती गप्पांची वेळ, म्हणून सोडवत नाही. गप्पा ठेव, डबी सोड. पहिला आठवडा डोकं दुखेल, चिडचिड होईल, शौचाला त्रास होईल, मग सुटेल.

तुझे मालक तंबाखू खातात का ते तू लिहिलं नाहीस, पण कारखान्याची शिफ्ट म्हटल्यावर मी अंदाज बांधतेय. ‘माझं काय चेक करायचंय’ याचं उत्तर असं आहे : मूल न राहण्याच्या जवळजवळ निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडचं कारण एकटं नाहीतर जोडीला असतंच. आणि पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे दिवाळीला दिवस राहावेत असं वाटत असेल तर श्रावण लागायच्या आधी तंबाखू आणि दारू सुटायला हवी. वीर्यतपासणी आत्ता लगेच करा असं मी म्हणत नाही, तुमच्या वयात वर्षभर प्रयत्न करून नाही राहिलं तर ती करतात (पस्तिशीच्या पुढच्यांनी सहा महिनेच थांबायचं), पण तेव्हा पहिली ती करायची, बाईची दुर्बीण नाही. आत्ता त्याने एवढंच करायचं, पहिल्या व्हिजिटला बरोबर यायचं, बीपी-शुगर बघायची, आणि बाहेर बाकड्यावर मोबाइल बघत न बसता आत येऊन बसायचं. एक खुर्ची जास्तीची असते प्रत्येक डॉक्टरकडे.

आता तुझा खरा प्रश्न, सासूबाईंना कसं पटवू. मला वाटतं तू चुकीच्या माणसाला पटवायला निघालीस. त्यांची परवानगी लागावी असं यात काही नाहीये, रक्त तुझं, पगार तुझा, लॅब शाळेच्या वाटेवर. पण ‘गुपचूप’ला मी थोडी घाबरते. एक दिवसाची टेस्ट गुपचूप करता येते, काही बिघडत नाही. रोजची गोळी गुपचूप नाही घेता येत, ते तू करून बघितलंस आणि काय झालं ते तुलाच माहीत, शेवटी गोळीच सुटली. म्हणून थायरॉइडचं नवऱ्याला सांगावंच लागेल. तो म्हणेल, ‘लग्नाआधी का नाही सांगितलं.’ म्हणू दे. ‘भीती वाटली’ एवढं खरं उत्तर पुरतं, त्यापुढे वकिली करत बसू नकोस. थायरॉइड हा दोष नाही, गोळीने आटोक्यात राहणारी गोष्ट आहे, आणि तुमच्याच गल्लीत चार घरांत ती गोळी असेल, बहुतेक एखाद्या मावशी-आत्याच्या उशाशीसुद्धा.

तो कुशीवर वळून झोपला, किंवा आईला जाऊन सगळं सांगितलं, असंही होऊ शकतं. तसं झालं तर दोन-तीन दिवस घरात भांडी जोरात वाजतील. ते सहन होईल. दिवस राहिल्यावर, तिसऱ्या महिन्यात, उलट्या होत असताना ही गोष्ट बाहेर आलेली त्यापेक्षा वाईट.

सासूबाईंना मग त्यानेच सांगायचं, तू नाही. ‘आई, आम्ही दोघं तपासून येतोय, हिचं रक्त कमी आहे.’ दोघं हा शब्द असला की ‘सुनेत दोष’ची हवाच जाते. आणि ‘रक्त कमी’ ही भाषा त्यांच्या पिढीला कळते, त्यांनी स्वतः ते भोगलेलं असतं. एखाद्या दुपारी निवडायला भाजी घेऊन बस त्यांच्याजवळ आणि विचार, तुमच्या वेळी कसं झालं सगळं. मी हा प्रश्न कितीतरी सासवांना विचारलाय, आणि ‘आमच्या वेळी कुठं होत्या टेस्ट’ म्हणणाऱ्या बाईकडे बहुतेकदा एक तरी न राहिलेलं, न जगलेलं बाळ असतं, नाहीतर रक्त चढवलेल्या रात्रीची आठवण असते. ते कुणी त्यांना कधी विचारलेलंच नसतं.

आणि तुझा शेवटचा प्रश्न, रिपोर्ट नॉर्मल म्हणजे बाळ हेल्दी ना. नाही गं, अशी हमी कुणी देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्याकडून उठून यावं. धोका कमी होतो, तू जास्त ताकदीने सुरुवात करतेस, एवढंच. उलट बाजूने, तपासणीच्या आधीच चुकून दिवस राहिले तर ‘आता सगळं बिघडलं’ म्हणून रडत पण बसायचं नाही, त्याच आठवड्यात जायचं, थायरॉइडचं पहिल्या वाक्यात सांगायचं. असंख्य बाळं प्लॅनिंगशिवाय येतात आणि छान वाढतात.

तोवर तीन महिने निरोध वापरा. खर्चाची काळजी असेल तर हिमोग्लोबिन, शुगर, बीपी प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं, लोहाची लाल गोळी पण तिथे मिळते, बाकीच्या टेस्टचं तिथल्या सिस्टरला विचार, आशाताईला विचार, त्यांना कुठे काय फुकट होतं ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. लॅबमध्ये सकाळी जा, काही न खाता, म्हणजे शुगर पण त्याच सुईत होईल. शाळेला हाफ डे टाक. शिबिराचा कागद आणि थायरॉइडचे जुने रिपोर्ट माहेरी असतील तर आईला फोटो काढून पाठवायला सांग.

आणि थायरॉइडची गोळी परत सुरू झाली की ती साड्यांच्या खाली ठेवू नकोस. ओट्यावर चहापत्तीच्या डब्याला टेकवून ठेव, सकाळी चहाला हात जायच्या आधी ती दिसली पाहिजे.